चेक इंजिनचा दिवा लागलाय? ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी हे तपासा

मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला की गाडीवाल्यांचे दोन पंथ दिसतात. एक पंथ त्याकडे काणाडोळा करून वर्षभर गाडी हाकतो. दुसरा घाबरून पहिल्या दिसेल त्या गॅरेजात शिरतो. तिथे दोन मिनिटं स्कॅनर लागतो, "ओ-टू सेन्सर गेलाय" असं ऐकायला मिळतं, काही हजारांचं बिल होतं आणि पंधरा दिवसांत दिवा पुन्हा हजर.

हा लेख मुख्यतः दुसऱ्या पंथासाठी. स्कॅनरवर दिसणारा कोड म्हणजे एफआयआर, कोर्टाचा निकाल नव्हे. तक्रार नोंदवली गेली एवढंच त्यातून कळतं. दोषी कोण, ते तपासाने ठरतं. ऑक्सिजन सेन्सरच्या प्रकरणात तर बऱ्याचदा फिर्यादीलाच आत टाकलं जातं. पेट्रोल-हवेच्या मिश्रणात हवा जास्त आहे असं सेन्सर बिचारा खरं सांगत असतो, आणि हवा कुठून शिरते ते न बघता आपण सेन्सरच बदलून मोकळे होतो.

इथे लिहिलेलं सगळं पेट्रोल आणि पेट्रोल-सीएनजी गाड्यांना लागू आहे. डिझेलचं गणित वेगळं असतं, तिथे हे आडाखे लावू नका. आणि गाडी वॉरंटीत असेल तर कोड वाचण्यापलीकडे काहीही उघडू नका. कोडचा फोटो घेऊन थेट सर्व्हिस सेंटर गाठा.

दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय?

पहिला प्रश्न हाच. दिवा स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी ओढत असेल आणि दुसरा कुठला दिवा लागलेला नसेल, तर घाई नाही. दोन-चार दिवसांत सवडीने तपासलं तरी चालेल.

दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट गंभीर आहे. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतच नाहीये, मेकॅनिकच्या भाषेत गाडी मिसिंग मारतेय. ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली बारीक जाळी वितळवू शकतं. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर हलका करा, गाडी बाजूला घ्या, आणि शक्य असेल तर टो करून न्या. दुरुस्तीची सुरुवात स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइलपासून करायची. ऑक्सिजन सेन्सरचा विचार नंतर, मिसिंग थांबल्यावर.

लाल दिवे हा तिसराच प्रकार. ऑइलच्या किटलीचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर इंजिन बंद करा आणि हा लेख बाजूला ठेवा.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. चावी ऑन केली, पण इंजिन सुरू केलं नाही, तर चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे. इंजिन सुरू झाल्यावर तो जातो. चावी ऑन करूनही तो लागत नसेल, तर कुणीतरी बल्ब काढलाय, त्यावर पट्टी चिकटवलीय किंवा वायरिंगमध्ये काहीतरी खेळ केलाय. मालकाने कितीही गोड बोलून समजावलं तरी अशा गाडीवर ॲडव्हान्स देऊ नका.

कोड वाचायचे, पुसायचे नाहीत

आपल्याकडे भारत स्टेज ४ मानकाच्या गाड्यांना २०१३ पासून ओबीडी-२ ही तपासणी यंत्रणा लागू झाली. २०१७ च्या एप्रिलपासून ते मानक देशभर आलं आणि २०२० च्या एप्रिलपासून भारत स्टेज ६. म्हणजे गेल्या आठ-दहा वर्षांतली पेट्रोल कार असेल तर स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या आसपास, सोळा पिनांचं एक सॉकेट असणारच. काही गाड्यांत ते फ्यूज बॉक्सच्या झाकणामागे दडलेलं असतं.

त्यात लावायचा ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर काही शे रुपयांपासून मिळतो. 'ईएलएम ३२७' या नावाने विचारा. अँड्रॉइड फोन असेल तर साधा ब्लूटूथ पुरतो; आयफोनला वायफायवाला किंवा लो-एनर्जी ब्लूटूथवाला लागतो, तो बघून घ्या. फोनवर 'टॉर्क' किंवा 'कार स्कॅनर' यांपैकी एखादं अ‍ॅप टाकलं की झालं. स्वस्तातल्या अ‍ॅडॉप्टरची एक खोड आहे: माहिती सावकाश येते. एका वेळी दहा आकडे बघायला गेलात तर आलेख अडखळतो, म्हणून एक-दोन आकडेच निवडा. काम झाल्यावर अ‍ॅडॉप्टर काढून ठेवा. गाडी आठवडाभर उभी राहिली तर तो बॅटरी खात बसतो.

चावी ऑन करा, अ‍ॅप जोडा, कोड वाचा आणि लगेच स्क्रीनशॉट घ्या. मग 'फ्रीझ फ्रेम' उघडा. कोड नोंदला गेला त्या क्षणी गाडी किती वेगात होती, इंजिन किती तापलेलं होतं, आरपीएम किती, इंजिनावर लोड किती, हे सगळं त्यात साठवलेलं असतं. थंड इंजिनावर सकाळी सकाळी आलेला कोड आणि घाट चढताना आलेला कोड, नंबर एकच असला तरी दोन वेगळ्या रोगांची लक्षणं असू शकतात.

या टप्प्यावर 'क्लिअर' हे बटण दाबायचं नाही. कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही जाते, आणि गाडीने स्वतःच्या चाचण्या कुठवर पूर्ण केल्या याची नोंदही शून्यावर येते. "बॅटरीची तार काढून लावा, दिवा जातो" हा सल्लाही त्याच जातीचा. दिवा जातो, पुरावाही जातो.

अ‍ॅपमध्ये 'पेंडिंग' कोड वेगळे दिसतील. बरेचसे दोष गाडी लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय दिवा लावत नाही. एकदाच दिसलेला दोष पेंडिंगमध्ये थांबतो. दुरुस्तीनंतर ही यादी फार कामाला येते, त्याबद्दल शेवटी.

आणि हो, पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट लावा म्हणजे दिवा जाईल, हा यूट्यूबवरचा लाडका उपाय अमेरिकेतला आहे. तिथल्या गाड्या टाकीतून वाफ गळते का तेही तपासतात. आपल्याकडे त्या उपायाने दिवा गेल्याचं क्वचितच दिसतं. झाकण घट्ट लावायला काही हरकत नाही, पण तेवढ्यावर विसंबू नका.

सेन्सर करतो तरी काय

१९७६ मध्ये बॉशने लॅम्बडा सेन्सर, म्हणजे हाच ऑक्सिजन सेन्सर, बाजारात आणला आणि व्होल्व्होने तो अमेरिकेत विकायच्या गाड्यांना बसवला. मूळ कल्पना आजही तीच आहे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोमागे साधारण १४.७ किलो हवा लागते. सायलेन्सरमधून जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते सेन्सर मोजतो, आणि इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, त्यावरून पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. हे सेकंदाला अनेकदा चालू असतं.

साध्या झिरकोनिया सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान फिरतं. ०.४५ च्या वर म्हणजे पेट्रोल जास्त, त्याला रिच म्हणतात. खाली म्हणजे हवा जास्त, ते लीन. एकच अट: सेन्सरचं टोक जवळपास ३०० अंशांच्या वर तापलं पाहिजे. थंड सेन्सर मुका असतो. त्याला लवकर तापवायला आतच एक छोटा हीटर बसवलेला असतो, आणि गंमत म्हणजे सेन्सरच्या नावाने येणाऱ्या तक्रारींतल्या पुष्कळशा या हीटरच्या असतात.

गाडीत असे सेन्सर सहसा दोन. कन्व्हर्टरच्या आधीचा तो सेन्सर १, मिश्रण तो सांभाळतो. कन्व्हर्टरच्या नंतरचा सेन्सर २, तो मुख्यतः कन्व्हर्टर काम करतोय का यावर नजर ठेवतो. 'बँक १' म्हणजे एक नंबर सिलिंडरची बाजू. आपल्या रस्त्यांवरच्या तीन-चार सिलिंडरच्या गाड्यांना बँक एकच असते, त्यामुळे तो गोंधळ व्ही-६ वाल्यांनी करावा.

बऱ्याच नव्या गाड्यांत सेन्सर १ वाइडबँड जातीचा असतो. तो ०.१ ते ०.९ असा नाचत नाही. अ‍ॅपमध्ये त्याचा आकडा लॅम्बडा (मिळालेली हवा भागिले लागणारी हवा) म्हणून दिसतो आणि तो १.०० च्या आसपास जवळजवळ स्थिर असतो. हे माहीत नसलं की माणूस ठणठणीत सेन्सरला "हलतच नाही" म्हणून मेलेला ठरवतो. आपल्या गाडीत कुठला आहे ते मॅन्युअलमध्ये किंवा पार्ट नंबरवरून आधी बघून घ्या.

कोडची भाषा

कोडचं पहिलं अक्षर पी असेल तर भानगड इंजिन किंवा गिअरबॉक्सची. पुढचा आकडा ० असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना समान. १ असेल तर तो कंपनीचा स्वतःचा, त्याचा अर्थ दुसऱ्या कंपनीच्या यादीत शोधू नका. ऑक्सिजन सेन्सरच्या आसपास नेहमी भेटणारे हे:

- पी०१३१: सेन्सर १ चं व्होल्टेज सतत कमी. वायरचा दोष, किंवा मिश्रण खरंच लीन.
- पी०१३२: सेन्सर १ चं व्होल्टेज सतत जास्त. मिश्रण रिच, किंवा सिग्नलच्या वायरला दुसरीकडून करंट लागतोय.
- पी०१३३: सेन्सर १ सुस्त झालाय. यात मात्र सेन्सर म्हातारा झाल्याची शक्यता खरोखर मोठी.
- पी०१३४: सेन्सर १ ची काहीच हालचाल नाही.
- पी०१३५ आणि पी०१४१: अनुक्रमे सेन्सर १ आणि सेन्सर २ च्या हीटरचं सर्किट.
- पी०१७१ आणि पी०१७२: मिश्रण लीन, मिश्रण रिच. हे सेन्सरचे कोड नाहीतच! सेन्सर जे सांगतोय त्याचे आहेत.
- पी०४२०: कन्व्हर्टरची क्षमता घटलीय.

"सर्किट" हा शब्द नीट वाचा. हीटर सर्किटमध्ये फ्यूज, रिले, वायर, कपलर (वायर जोडणारा प्लग), अर्थिंग, ईसीयू आणि सर्वांत शेवटी हीटर येतो. कोड या सगळ्या साखळीबद्दल बोलतो, गॅरेजात मात्र तिची शेवटची कडी बदलली जाते.

हात घाण करायची वेळ

गाडी पूर्ण थंड असताना सुरुवात करा. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबून जाऊ नका. स्टँड लावा, नाहीतर गॅरेजच्या रॅम्पवर घ्या. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून काम करायचं नाही. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पहिली तपासणी डोळ्यांची. सेन्सरपासून निघणाऱ्या वायरचा माग काढत कपलरपर्यंत जा. पावसाळा नुकताच संपला असेल तर कपलर उघडून पिनांवर हिरवट गंज दिसतो का बघा. सेन्सर २ चा कपलर गाडीच्या पोटाखाली असतो आणि साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की पहिला भिजतो. वायर गरम सायलेन्सरला टेकून वितळलीय का? उंदरांनी कुरतडलीय का? सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हा उपद्रव इतका सर्रास आहे की बोनेट उघडल्यावर मी आधी लेंड्या शोधतो, मग वायर. कपलरवर ग्रीस किंवा क्लीनरचा मारा मात्र करू नका. बऱ्याच झिरकोनिया सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची स्वच्छ हवा लागते, ती वायरच्या आतूनच टोकापर्यंत पोचते, आणि ती वाट तुंबली की चांगला सेन्सरही खोटं बोलू लागतो.

त्याच फेरीत सायलेन्सरचे जोड बघा. सेन्सरच्या आधी कुठे बारीक भेग असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला वाटतं मिश्रण लीन आहे. जोडावर काळा काजळीचा डाग आणि सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर येणारा टिक-टिक आवाज, ही त्याची खूण. इंजिन सुरू केल्या केल्या, पाइप तापण्याआधी, जोडावर साबणाचं पाणी टाकलं तर बुडबुडे दिसतात.

दुसरी तपासणी हीटरची, कोड पी०१३५ किंवा पी०१४१ असेल तर. दोन्ही कोड एकाच दिवशी आले असतील तर सरळ फ्यूज बॉक्सकडे जा. दोन सेन्सर एकाच मुहूर्तावर मरत नसतात. दोघांना वीज पुरवणारा फ्यूज किंवा रिले एकच असण्याची शक्यता जास्त. एकच कोड असेल तर मल्टिमीटर काढा. नसेल तर साधा डिजिटल मल्टिमीटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत सहज मिळतो.

इंजिन थंड, चावी बंद, कपलर सोडवलेला. चार वायरच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन वायर सहसा हीटरच्या असतात. सेन्सरच्या बाजूने त्या दोघींमधला ओहम मोजा. काही ओहम, फार तर पंधराच्या घरात, असा आकडा आला तर हीटरची तार शाबूत आहे. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतो. मीटरने 'ओपन' दाखवलं तर हीटर जळलाय, सेन्सर बदलायचा. इथे मनात शंका ठेवू नका.

हीटर चांगला निघाला तर गाडीच्या बाजूच्या कपलरवर १२ व्होल्ट येतात का बघा. काही गाड्यांत हा पुरवठा इंजिन सुरू झाल्यावरच मिळतो. आणि नुसत्या मीटरवर भागवू नका: एकाच धाग्यावर लटकलेली वायरसुद्धा मीटरला १२ व्होल्ट दाखवते, पण हीटरला लागणारा करंट तिच्यातून जात नाही. पार्किंग लाइटचा पाच वॉटचा बल्ब लावून बघा. तो पूर्ण तेजाने पेटला तरच पुरवठा खरा. बल्बचं दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावायचं, ईसीयूकडे जाणाऱ्या पिनेला नाही.

जिवंत आकडे: सेन्सर खरं बोलतोय का

कपलर जोडा, इंजिन सुरू करा, दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून पूर्ण तापवा. मग अ‍ॅपमध्ये सेन्सर १ च्या व्होल्टेजचा आलेख लावा आणि आरपीएम २,००० ते २,५०० वर धरून ठेवा. साधा सेन्सर निरोगी असेल तर रेघ ०.४५ च्या वर-खाली सतत धावते. दहा सेकंदांत निदान पाच-सहा फेऱ्या दिसायला हव्यात. रेघ आळसावल्यासारखी हळूहळू चढत-उतरत असेल तर पी०१३३ खरा आहे. फक्त अ‍ॅडॉप्टरच्या संथपणाला सेन्सरचा संथपणा समजू नका.

आता खरी परीक्षा. अ‍ॅक्सिलरेटर झटकन दाबा आणि सोडा. दाबताना व्होल्टेज ०.८-०.९ पर्यंत उडी मारतं, सोडल्यावर ईसीयू इंधन तोडतो म्हणून ०.१ किंवा त्याखाली कोसळतं. वाइडबँडमध्ये हाच प्रकार लॅम्बडा १ च्या खाली आणि मग बराच वर असा दिसेल. सेन्सर दोन्ही टोकांना तत्परतेने गेला तर तो जिवंत आहे. आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, तो ०.१ वर चिकटून बसलेला असेल, पण या झटक्याला ०.९ वर गेला असेल, तर त्याला दोष देऊ नका: तो सांगतोय की मिश्रण लीन आहे, आणि ते आहेच.

रेघ ०.४५ वर सपाट पडली असेल आणि झटक्यालाही हलत नसेल, तर बहुतेक गाड्यांत याचा अर्थ ईसीयूला सेन्सरकडून काहीच ऐकू येत नाहीये. एक तर वायर तुटलीय किंवा सेन्सर तापत नाहीये. परत हीटरकडे.

फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूचा हिशेब

नवशिक्याने एकच गोष्ट शिकायची तर ही. सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय, ते ट्रिममध्ये दिसतं. शॉर्ट टर्म म्हणजे या क्षणाची दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे अंगवळणी पडलेली. दोन्हींची बेरीज करा. उणे दहा ते अधिक दहाच्या आत असेल तर साधारण ठीक.

इथे आपल्या पेट्रोलचा एक हिशेब धरावा लागतो. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. ई-१० साठी प्रमाण साधारण १४.१ आणि ई-२० साठी १३.५ च्या आसपास येतं. ई-१० धरून जुळवलेल्या गाडीत ई-२० भरलं की त्याच हवेला चार-पाच टक्के पेट्रोल जास्त द्यावं लागतं, आणि तेवढी ट्रिम अधिककडे सरकते. जुन्या गाडीत लाँग टर्म अधिक पाच-सहा दिसली म्हणून लगेच गळती शोधत सुटू नका. अधिक पंधरा-वीस दिसली तर मात्र शोधा.

कुठे शोधायचं, तेही ट्रिमच सांगते. आयडलला अधिक वीस आणि २,५०० आरपीएमला अधिक चार अशी असेल, तर इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या, बाजूला कुठूनतरी चोरून हवा शिरतेय: फाटका व्हॅक्यूम पाइप, सुकलेलं गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी. आयडलला ठीक, पण चढावर, लोडखाली ट्रिम चढत जात असेल, तर पेट्रोल पुरेसं पोचत नाहीये; फ्युएल पंप, फिल्टर आणि इंजेक्टर तपासा, आणि एअर-फ्लो सेन्सर असेल तर तो मळलाय का तेही. ट्रिम खोल उणे असेल तर गळका इंजेक्टर, तुंबलेला एअर फिल्टर किंवा इंजिन तापलंय हे ईसीयूला न कळवणारा कूलंट टेम्परेचर सेन्सर.

एक पोटभेद मात्र लक्षात ठेवा, कारण परदेशी व्हिडिओंत तो सहसा येत नाही. आपल्या पुष्कळ छोट्या गाड्यांत हवा थेट मोजणारा एअर-फ्लो सेन्सर नसतो. इनटेकमधल्या दाबावरून, म्हणजे मॅप सेन्सरवरून, ईसीयू हवेचा अंदाज बांधतो. अशा इंजिनात चोरून शिरलेली हवाही त्या दाबात मोजली जाते, म्हणून ट्रिम फारशी बिघडत नाही. त्याऐवजी आयडलचा आरपीएम चढलेला राहतो. ट्रिम बरी आहे म्हणून गळती नाही, असा निष्कर्ष या गाड्यांत काढायचा नाही.

गळती शोधताना चालू इंजिनाच्या पाइपांवर कार्ब क्लीनर मारायची पद्धत गॅरेजात दिसते. ते द्रव्य भडकतं, आणि गरम सायलेन्सर हातभर अंतरावर असतो. नवशिक्यांनी साध्या पाण्याचा फवारा वापरावा, इग्निशन कॉइल आणि कपलर सोडून. गळतीच्या जागी पाणी पडलं की क्षणभर इंजिनाचा आवाज बदलतो.

सीएनजीवाल्यांसाठी

बाहेरून किट बसवलेली गाडी असेल तर आधी तीन-चार दिवस फक्त पेट्रोलवर चालवा. पेट्रोलवर ट्रिम सरळ आणि सीएनजीवर गेल्यावर अधिक वीस, असं दिसलं तर सेन्सर निर्दोष आहे. रोग किटमध्ये आहे: गॅस फिल्टर तुंबलाय, रेग्युलेटरचा दाब उतरलाय, किंवा किटचं ट्यूनिंग कधी नीट झालंच नाही. किटवाल्याकडे लॅपटॉप लावून ट्यूनिंग करून घ्या, दोन्ही इंधनांवरच्या ट्रिमचे स्क्रीनशॉट त्याला दाखवा. समोर आकडे असले की बोलणं लवकर आटपतं. किट बसवताना इंजेक्टरच्या वायर कापून जोड मारलेले असतात, तेही तपासून घ्या. नुसती टेप गुंडाळलेला जोड पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात त्रास देतो.

पी०४२० आला तर

यावर सेन्सर २ बदलून बघण्याची फॅशन आहे. क्वचितच उपयोग होतो. तापलेल्या गाडीत दोन्ही सेन्सरचे आलेख एकाखाली एक लावा. सेन्सर १ साधा असेल तर तो नाचत असतो आणि सेन्सर २ साधारण ०.६-०.७ वर शांत असतो. चांगल्या कन्व्हर्टरची हीच खूण. सेन्सर २ सुद्धा पहिल्याची नक्कल करत नाचू लागला, तर तो चोख काम करतोय आणि कन्व्हर्टर थकलाय. त्याआधी सायलेन्सरची गळती नाही ना, गाडी मिसिंग मारत नाही ना, आणि इंजिन ऑइल खात नाही ना, ते बघा. या तिन्हींपैकी काही चालू असेल तर नवा कन्व्हर्टरही टिकणार नाही.

कन्व्हर्टर बदलायचा ठरला तर जुना परत मागून घ्या. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं, भंगारात त्याला चांगला भाव येतो. "आतली जाळी काढून टाकतो, पिकअप वाढेल" असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून निघा. ते बेकायदा आहे, आणि दिवा कायमचा मुक्कामाला येईल तो वेगळाच.

सेन्सर खरंच गेला असेल तर

हीटरवाला सेन्सर दीड लाख किलोमीटरच्या आसपास चालणं अपेक्षित असतं. त्याआधी गेला तर कारण शोधा: जळणारं ऑइल, गळून आत जाणारा कूलंट, किंवा इंजिनाला फासलेला चुकीचा सिलिकॉन गॅस्केट-गम. कारण तसंच राहिलं तर नवाही त्याच वाटेने जाईल.

पार्ट नंबर मिळवूनच खरेदी करा; सेन्सर १ आणि सेन्सर २ दिसायला सारखे असले तरी एकमेकांच्या जागी चालतीलच असं नाही. बॉश, डेन्सो, एनटीके या कंपन्या गाडी उत्पादकांनाच सेन्सर पुरवतात, तेव्हा त्यांचा योग्य नंबरचा सेन्सर घेतला तर बिघडत नाही. पुण्यात नाना पेठेत फिरलात तर किंमत खाली येईल, पण सीलबंद खोकं आणि पक्कं बिल याशिवाय घेऊ नका, डुप्लिकेट माल याच किमतीच्या फरकावर खपतो. वायर कापून जोडायचा 'युनिव्हर्सल' सेन्सर नवशिक्यांनी टाळावा.

काढताना इंजिन कोमट असावं. गार धातूत आटा जखडतो, तापलेल्यात हात भाजतो. आट्यावर गंज सोडवणारं स्प्रे मारून अर्धा तास थांबा आणि वायरसाठी खाच असलेला २२ एमएमचा सॉकेट वापरा. साध्या पान्ह्याने षटकोन घासला जातो आणि मग काम वेल्डिंगवाल्याकडे जातं. नव्या सेन्सरच्या आट्यावर बहुधा कारखान्यातूनच लेप लावलेला असतो. नसेल तर अँटी-सीझ (आटा जखडू न देणारा लेप) फक्त आट्यावर, टोकावर थेंबही नको. हाताने पूर्ण आत घ्या, मग टॉर्क पान्ह्याने ४० ते ५० न्यूटन-मीटरच्या आसपास, मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो धरा. वायरला पीळ पडू देऊ नका आणि ती मूळ क्लिपमध्येच बसवा.

दिवा घालवल्यावरची फेरी

कोड आता पुसा. पण दिवा गेला म्हणजे दोष गेला असं नाही; गाडीने अजून चाचणीच घेतलेली नाही. रात्रभर उभ्या थंड गाडीने सुरुवात करा, दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवा, मग सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर ६० ते ८० च्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं एकसारखी चालवा. मध्ये दोन-तीनदा अ‍ॅक्सिलरेटर सोडून गिअरमध्येच वेग उतरू द्या. मग अ‍ॅपमध्ये 'रेडिनेस' उघडा. ऑक्सिजन सेन्सर, त्याचा हीटर आणि कॅटॅलिस्ट यांच्यापुढे 'पूर्ण' दिसेपर्यंत निकाल लागलेला नाही. काही गाड्यांना यासाठी बरेच दिवस लागतात, विशेषतः रोज शहरातल्या ट्रॅफिकमध्येच फिरणाऱ्या गाड्यांना.

जुनी गाडी बघायला जाताना हेच पान उघडा. कोड एकही नाही, पण बहुतेक चाचण्या 'अपूर्ण', असं दिसलं तर कुणीतरी नुकताच कोड पुसलाय किंवा बॅटरी काढलीय. मालकाला कारण विचारा, आणि शंभर-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा बघायला येतो म्हणा.

तुमच्या गाडीत चाचण्या पूर्ण झाल्या आणि पेंडिंगची यादी रिकामी असेल तर काम झालं. तोच कोड पेंडिंगमध्ये परत आला, तर दिवा लागायची वाट बघू नका. नवी फ्रीझ फ्रेम नोंदली गेली असेल तर ती जुन्या स्क्रीनशॉटशेजारी ठेवा, आणि तपास कपलर-वायरपासून पुन्हा सुरू करा. दुसऱ्यांदा सेन्सर मागवायला एवढ्यात फोन लावू नका.